पुण्याहून आलेलं पहिलं बोन्साय, लातूरचा उन्हाळा आणि रोज गळणारी पानं

शुभांगी_लातूर · ४ एप्रिल

नमस्कार मंडळी. तुळस, कोरफड आणि गॅलरीतला मोगरा एवढीच माझी बाग. बोन्साय पहिल्यांदाच घरात आलंय, त्यामुळं अगदी सुरुवातीपासून सांगितलंत तरी चालेल.

फेब्रुवारीत लेक पुण्याहून आली, तेव्हा पहिल्या पगारातून हे झाड घेऊन आली. नर्सरीत 'फायकस' असं नाव सांगितलं. उंची दीड वीत असेल. खालची मुळं जाड, फुगीर आणि मातीच्या वर आलेली. वर लहान चकचकीत पानांचा झुपका. कुंडी निळ्या चिनी मातीची, उथळ. मातीवर पांढरे गोटे आहेत, पण ते कशानं तरी चिकटवलेले आहेत, हलत नाहीत.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. हॉलला पूर्वेला एक मोठी खिडकी, पश्चिमेला गॅलरी. झाड टीव्हीशेजारी शोकेसवर ठेवलंय, खिडकीपासून आठ-नऊ फुटांवर. 'एक दिवसाआड अर्धा कप पाणी' असं लेकीला नर्सरीत सांगितलं होतं, तसंच घालते. मार्चच्या मध्यापासून पानं पिवळी पडून गळायला लागली. सकाळी झाडून काढते, संध्याकाळी परत शोकेसवर पानं. आता झुपक्यातून पलीकडची भिंत दिसायला लागली आहे. याच आठवड्यात गॅलरीच्या दारात कुलरही सुरू झालाय आणि त्याचा वारा हॉलभर फिरतो.

पाण्याचंही सांगते. नळ आठवड्यातून एकदा, बाकी सगळं बोअरवर. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस याच घरात काढलेत, त्यामुळं शोभेच्या झाडाला किती पाणी द्यायचं हा विचार मनातून जात नाही. याला फार पाणी लागणार असेल तर तसं स्पष्ट सांगा.

आणि एक. सासूबाई म्हणतात, खुजं झाड घरात ठेवू नये, घराची वाढ खुंटते. त्यांना दुखवायचं नाही आणि लेकीनं आणलेलं झाडही जाऊ द्यायचं नाही. काय करू?

हिरवाई_परभणी · ४ एप्रिल

ताई, घाबरू नका. रोज थोडं थोडं पाणी घाला, चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं कुस्करून टाका, आणि लगेच गच्चीवर उन्हात ठेवा. माझा गुलाब असाच परत फुटला.

अंबाजोगाईकर · ५ एप्रिल

शुभांगीताई, परभणीच्या मित्रांनी मनापासून सांगितलंय, पण गुलाबाचा उपाय या झाडाला लावू नका. विशेषतः गच्चीवर तर आज अजिबात नेऊ नका. दोन महिने अंधाऱ्या कोपऱ्यात राहिलेलं झाड एप्रिलच्या उन्हात गेलं तर उरलेली पानं दोन दिवसांत भाजतात. चहाचा चोथाही नको. आपल्या चहात साखर-दूध असतं, त्यावर चिलटं येतात, आणि उथळ कुंडीत तो मातीच्या फटी बुजवतो.

मी कृषी खात्यात नोकरी केली. निवृत्तीच्या आधीपासून कुंडीतली झाडं सांभाळतो. बहुतेक वड, पिंपळ, उंबर. तुमचं फायकस याच कुळातलं आहे, आपल्याकडं त्याला नांद्रुक म्हणतात. रस्त्याच्या कडेला त्याचे प्रचंड वृक्ष होतात. नर्सरीत मिळतं त्यात खालचं फुगीर मूळ बियांपासून वाढवलेल्या रोपाचं असतं आणि वर लहान पानांच्या जातीचं कलम बांधलेलं असतं. पुढं कधी कलमाच्या खालून मोठ्या पानांचा फुटवा आला तर तो काढून टाकायचा, नाहीतर वरचं कलम मागं पडतं. झाड मात्र चिवट आहे. पहिलं बोन्साय म्हणून लेकीनं चांगलं निवडलंय, हे तिला सांगा. तिनं जुनिपर, म्हणजे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड, आणलं असतं तर मी एवढी आशा दाखवली नसती. त्याला हिवाळ्यात खरी थंडी आणि विश्रांती लागते, आपल्या हॉलमध्ये ते टिकत नाही.

आधी झाड जिवंत किती आहे ते बघा. फांदीवर नखानं हलकंच खरवडा. साल निघून आत हिरवं दिसलं की फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर ती फांदी गेली. टोकाकडून खोडाकडं बघत या. नांद्रुक जागा बदलली की रुसून पानं टाकतंच. पुण्याच्या नर्सरीतल्या जाळीखालच्या दमट हवेतून ते तुमच्या शोकेसवर आलं, तेवढ्यानंही पानगळ होते. पण तुमच्याकडं ती थांबेना, म्हणजे कारण चालू आहे.

माझ्या मते पहिलं कारण उजेड. हॉल आपल्याला उजेडाचा वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. उजेड लक्समध्ये मोजतात. बाहेर भर उन्हात तो लाख लक्सच्या घरात असतो. खिडकीच्या अगदी जवळ, ऊन अंगावर नसतानाही, काही हजार असतो. आठ-नऊ फूट आत गेलात की दोनशे-तीनशेवर येतो. मोबाईलमध्ये लक्स मोजायचं ॲप फुकट मिळतं. अगदी अचूक नसलं तरी शोकेस आणि खिडकी यांतला फरक दिसेल. ॲप नको असेल तर दुपारी बाराला शोकेसवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड पुरेसा. नुसता पुसट डाग दिसला तर तिथं झाड अंगातला साठा खाऊन दिवस काढतंय. तो साठा संपत आला की ते आधी पानं टाकतं.

म्हणून झाड पूर्वेच्या खिडकीत आलंच पाहिजे. एका दिवसात मात्र नाही. आठवडाभर खिडकीपासून दोन फुटांवर ठेवा, मग काचेजवळ सरकवा. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन नांद्रुकाला मानवतं, त्यानंतर पडदा ओढा. पश्चिमेच्या गॅलरीचा मोह उन्हाळाभर टाळा. आणखी एक गोष्ट: आपल्याकडं खिडकीला बहुतेक काळा कडप्पा असतो. तो उन्हात तव्यासारखा तापतो आणि उथळ कुंडीतली मुळं खालून शिजतात. कुंडीखाली लाकडी फळी किंवा जाड पाट ठेवा.

कुणाला दक्षिणेची खिडकी असेल तर त्यांच्यासाठी. आपल्या भागात मेच्या मध्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत तो थोडा उत्तरेकडंच असतो. त्यामुळं उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येत नाही आणि डिसेंबरात तेच ऊन घरात खोलवर शिरतं. झाडाची जागा वर्षातून दोनदा तरी बदलावी लागते ती यामुळं. जपानी लोक बोन्साय बाहेरच वाढवतात, घरात आणतात ते पाहुणे येणार म्हणून चार दिवस मांडायला. घरातच ठेवायचं तर खिडकी हेच झाडाचं अंगण.

आता पाणी. 'एक दिवसाआड अर्धा कप' हा सल्ला पुण्यात फेब्रुवारीत बरोबर असेल, लातुरात एप्रिलमध्ये तो लागू पडेलच असं नाही. वार बघून पाणी घालू नका, कुंडी बघून घाला. जळून गेलेल्या अगरबत्तीची बांबूची काडी घ्या, खोडापासून दोन बोटं अंतरावर तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर आणि गडद निघाली तर थांबा. वरचा भाग कोरडा आणि खालची टोकाकडची बाजू जेमतेम ओली असेल तर पाणी द्या. द्यायचं ते मात्र पोटभर. खालच्या भोकांतून वाहीपर्यंत, आणि दोन मिनिटं थांबून परत एकदा. ताटलीत साचलेलं पाणी काढून तुळशीला घाला. रोज थोडं थोडं घातलं तर वरचा थर ओला दिसतो आणि तळ एकतर कोरडा राहतो किंवा सतत चिकट.

त्याआधी ते चिकटवलेले गोटे काढा. सुरीच्या टोकानं कडेकडेनं उचलत जा, एका दिवसात सगळे निघाले नाहीत तरी चालेल. त्यांच्यामुळं पाणी आत जात नाही, हवा जात नाही, आणि माती कशी आहे ते दिसतही नाही. काडी घालून काय दिसलं ते लिहा, मग पुढचं बोलू. तोवर खत, छाटणी, कुंडीबदल काहीही नको. आजारी झाडाला जेवणाचा आग्रह करू नये.

सासूबाईंचं मला मनापासून पटतं, म्हणजे त्यांची काळजी पटते. आमच्याकडं अंबाजोगाईत जुन्या वाड्यांच्या माळवदांवर, दगडी भिंतींच्या फटींत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबर उगवतात. ठेवले तर भिंत फोडतात, आणि पिंपळावर कुऱ्हाड घालायला घरातलं कुणी तयार होत नाही. माझ्या आईनं तर पिंपळाला कधी हात लावू दिला नाही. पावसाळ्यात भिंत भिजलेली असताना ती रोपं मुळांसकट सोडवून मी कुंडीत लावायला लागलो, तेव्हा तिनंच पहिलं पाणी घातलं. झाड तोडावं लागलं नाही याचं तिला समाधान होतं. कुंडीतलं झाड उपाशी ठेवून लहान राहत नाही. उलट शेतातल्या झाडापेक्षा त्याला जास्त वेळेवर पाणी, खत, ऊन द्यावं लागतं. मुळांची आणि फांद्यांची छाटणी वेळच्या वेळी होते म्हणून ते लहान राहतं. जपानमधल्या यामाकी कुटुंबाचा एक पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवलेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता आणि वाचला. १९७६ साली त्या कुटुंबानं तो अमेरिकेला भेट दिला, आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. खुंटलेलं झाड चारशे वर्षं जगत नसतं. सासूबाईंना हे सांगून बघा, आणि जमलं तर रोज काडी खोचून बघायचं काम त्यांच्याकडंच द्या.

गोदाकाठ_नांदेड · ५ एप्रिल

अंबाजोगाईकर काकांचं सगळं मान्य, एक मतभेद नोंदवते. ज्यांना नुकतीच सुरुवात करायची आहे आणि घरात उजेड बेताचा आहे, त्यांनी नांद्रुकापेक्षा जेडपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. लहान गोल मांसल पानं, लालसर खोड. मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, तिथं हत्ती ते खातात. त्याची पानंच पाणी साठवतात. तहान लागली की पानं सुरकुततात, पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत परत टणक होतात. नवशिक्याला झाडाची भाषा शिकायला यापेक्षा सोपं झाड नाही. फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकू द्यायची आणि मग भुसभुशीत वाळू-मातीत खोचायची, मुळं धरतात. शेजारणीच्या कुंडीतून एक फांदी मागून आणली तर खर्चही नाही.

शुभांगीताई, तुमचं झाड सांभाळाच, पण सोबत एक जेडची फांदी लावा. छाटणीचा हात त्याच्यावर बसवा. लेकीच्या झाडावर प्रयोग करायची वेळ येणार नाही.

अंबाजोगाईकर · ५ एप्रिल

नांदेडच्या ताईंचा सल्ला उत्तम. एवढीच पुस्ती जोडतो की जेडलाही खिडकी लागतेच. पाण्याच्या बाबतीत ते समजूतदार आहे, उजेडाच्या बाबतीत नांद्रुकापेक्षाही हट्टी. हॉलच्या कोपऱ्यात त्याच्या फांद्या लांबुळक्या होऊन लोंबतात.

पैठणगेट · ६ एप्रिल

पाण्याबद्दल मी लिहितो, कारण संभाजीनगरला आमचंही रडगाणं तेच आहे, नळ कधी येईल याचा नेम नाही आणि बोअर जड.

बादलीला जो पांढरा थर धरतो तोच कुंडीच्या काठावर आणि मातीवर धरतो. बोअरच्या पाण्यातले चुन्याचे क्षार आणि बायकार्बोनेट हळूहळू मातीचा सामू (पीएच) वाढवतात. मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. नवीन पान पिवळं आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ते हेच. शुभांगीताई, तुमची जुनी पानं पिवळी पडतायत की नवीन, ते बघा. जुनी असतील तर आत्ता दोष पाण्याचा नाही. तरी पुढं त्रास होऊ नये म्हणून आतापासून काळजी घ्या.

आपल्या घरात बिनक्षाराचं पाणी असतं, लक्ष जात नाही. घरी एसी असेल तर त्याच्या नळीतून गळणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. प्यायच्या आरओचं शुद्ध पाणी आणि बोअरचं पाणी निम्मं निम्मं केलं तरी चालतं. नळाच्या पाण्यात तांदूळ किंवा भाजी धुतली असेल तर तेही चालेल, फक्त त्यात मीठ गेलेलं नसावं.

तीन पाणी मात्र झाडाला घालू नका. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी, कारण गाळलेले सगळे क्षार त्यातच येतात. कुलरच्या टाकीतलं पाणी, कारण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत राहतात. रोज भर घातली की ते अजून दाट होत जातात. आणि टाकीला मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला असेल तर त्यातलं पाणी, त्यात सोडियम येतं. आमच्या सोसायटीत कुलरचं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायची पद्धत होती. पाणी वाचवायचं मन चांगलं, पण त्या कुंड्यांच्या पानांच्या कडा मेअखेर करपलेल्या असायच्या. ते पाणी फरशी पुसायला वापरा.

महिन्यातून एकदा चांगलं पाणी हाताशी असेल तेव्हा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश मातीतून जाऊ द्या, साठलेले क्षार खाली धुतले जातात.

२०१६ बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून गलबललो. दीड वितीच्या झाडाला एका वेळी पेला-दीड पेला पाणी लागतं. तेवढं भाजी धुण्याच्या पाण्यातूनच निघतं. मनात किंतु ठेवू नका.

शुभांगी_लातूर · ८ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

केलेलं सांगते. नखानं खरवडलं, दोन बारीक फांद्या सोडल्या तर सगळीकडं हिरवं निघालं आणि पांढरा चीकही आला. गोटे काढायला दोन संध्याकाळी लागल्या. खाली माती नव्हतीच, नारळाचा भुसा ठासून भरलेला आहे. काडी खोचली तर वरचं बोटभर ओलं आणि त्याखाली एकदम कोरडं, टणक. काडी पुढं जाईना. म्हणजे मी घातलेलं पाणी कडेनं निघून जात होतं का?

पिवळी पडतायत ती जुनी, आतली पानं आहेत. टोकाची हिरवी आहेत.

झाड खिडकीपासून दोन फुटांवर आणलंय. मोबाईलवर शोकेसवर १८० दाखवत होतं, इथं दुपारी अडीच हजारांच्या आसपास दाखवतंय. आकडा बघून मला धक्काच बसला, कारण दिसायला दोन्हीकडं सारखाच उजेड वाटतो.

सासूबाईंना काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. माळवदावरच्या पिंपळाचं ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या औशाच्या घरीही असाच उंबर आला होता. मग बराच वेळ औशाच्या गोष्टी निघाल्या. काडी बघायचं काम त्यांनी घेतलंय. वाढ खुंटण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

आता पुढं काय करू? कुंडी बदलू का? आणि मेमध्ये लग्नासाठी आठवडाभर सगळेच गावी जाणार आहोत, तेव्हा झाडाचं काय?

अंबाजोगाईकर · ८ एप्रिल

शाब्बास ताई. आता कारण हाती आलं. नारळाचा भुसा एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेत नाही, त्यावरून घसरून कडेनं खाली जातं. ताटलीत पाणी दिसतं म्हणून आपल्याला वाटतं झाड प्यायलं. त्यात भर कमी उजेडाची. दोन्ही मिळून पानगळ.

आज संध्याकाळी टबात किंवा मोठ्या पातेल्यात पाणी घ्या आणि कुंडी काठापर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे येत राहतील. ते पूर्ण थांबेपर्यंत, वीस मिनिटं, अर्धा तास, जेवढा लागेल तेवढा वेळ द्या. मग काढून तिरकी धरून निथळा. कुंडी हातात उचलून वजन बघा आणि सासूबाईंनाही बघू द्या. भिजलेल्या कुंडीचं आणि कोरड्या कुंडीचं वजन हाताला कळायला लागलं की काडीचीही गरज राहत नाही. या उन्हाळ्यात वरून पाणी घालण्याऐवजी असं बुडवूनच पाणी द्या, भुसा आहे तोवर हीच पद्धत खात्रीची. बुडवून उरलेलं पाणी मोगऱ्याला.

कुलरचा वारा झाडावर थेट येत नाही ना, तेवढं बघा. खोलीत कुलरचा ओलावा असणं चांगलंच, दुपारची आपली हवा अगदी कोरडी असते. पण सतत अंगावर वारा आला तर पानं पाणी टाकत राहतात आणि मुळांना तेवढं पुरवता येत नाही. पानांवर पाणी फवारल्यानं ओलावा पाच-दहा मिनिटं टिकतो, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. एका कारणासाठी मात्र आठवड्यातून एकदा पानं खालच्या बाजूनं पाण्यानं धुवा: या दिवसांत लाल कोळी ही बारीक कीड येते. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी समजा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण, कपाशीवर येतो तोच. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा आणि हातानं पुसणं पुरतं. पसरला तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारायचं.

कुंडी आत्ता बदलू नका. नांद्रुकाची मुळं छाटायची तर हवा दमट आणि झाड जोमात हवं. मृग बरसून गेला, एक-दोन चांगले पाऊस झाले, नवी पानं दिसायला लागली, की जूनअखेर ते जुलै ही आपल्याकडची उत्तम वेळ. तोवर मिश्रण जमवून ठेवा. शेतातली काळी माती अजिबात घेऊ नका, कितीही कसदार असली तरी. ती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते, आणि उथळ कुंडीत पाणी धरून मुळं गुदमरवते. आपल्याकडं मुरूम सगळीकडं मिळतो, तो घ्या. चिमूटभर मुरूम रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी बोटांनी चुरडला जात नसेल तोच चांगला. त्याच्या जोडीला नीट भाजलेल्या विटेचा चुरा. दोन्ही चाळून बाजरीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंतचं ठेवा, पीठ झालेलं सगळं काढून टाका. तीन वाट्यांना एक वाटी जुनं गांडूळ खत किंवा कुजलेला पालापाचोळा. भोकांवर मच्छरजाळीचा तुकडा. असं मिश्रण पाणी लगेच खाली सोडतं आणि दाण्यांमध्ये हवा राहते. पाणी थोडं जास्त वेळा द्यावं लागतं, पण मुळं कुजत नाहीत.

नवीन पानं उघडायला लागली की कृषी केंद्रातलं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवरच. त्याआधी नाही. छाटणी पावसाळ्यात. फुटव्याला सहा-सात पानं येऊ द्या, मग दोन-तीन ठेवून कापा. चीक येईल, ओल्या कापडानं टिपा. फांद्यांना वळण द्यायला तार बांधतात, त्याची घाई यंदा नको. या वर्षी झाडाला घर ओळखू द्या.

लग्नाचं. निघायच्या दिवशी कुंडी बुडवून भिजवा, झाड खिडकीपासून तीन-चार फूट आत घ्या. आठवडाभर उजेड कमी चालतो, पाणी नसलेलं चालत नाही. शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवा, बादलीचा काठ कुंडीपेक्षा उंच हवा. सुती दोरी भिजवून एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत दोन बोटं पुरा. दोरीतून पाणी हळूहळू येत राहतं. नायलॉनची दोरी चालत नाही. निघायच्या आधीच एकदा दोन दिवस लावून बघा, कुंडी किती ओली राहते ते कळेल. जास्तच ओली राहत असेल तर बारीक दोरी घ्या. शेजारी भरवशाचं कुणी असेल तर त्यांना काडी दाखवून ठेवणं हा याहून चांगला उपाय.

शुभांगी_लातूर · ८ एप्रिल

बुडवलं काका. बुडबुडे चाळीस मिनिटं येत होते. कुंडी उचलली तर आधीपेक्षा दुप्पट जड. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं किल्ली असते, त्यांना काडी दाखवून ठेवते, आणि दोरीही लावून बघते.

एकच राहिलं: त्या दोन वाळलेल्या फांद्या आत्ता कापू की तशाच ठेवू?

अंबाजोगाईकर · ९ एप्रिल

खरवडून आत पूर्ण तपकिरी असेल तेवढ्याच कापा, हिरव्यापासून थोडं अंतर सोडून. थोडी जरी शंका असेल तर जूनपर्यंत राहू द्या. नांद्रुक कधी कधी वाळल्यासारख्या फांदीच्या बुडातूनही फुटतं. पावसाळ्यात कुंडी काढाल तेव्हा मुळांचा फोटो इथंच टाका. एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं कापायची नाहीत, पण कुठली कापायची ते फोटो बघूनच सांगता येईल.